मनाच्या रुग्णाचे हृदयही तपासा

विहारात आरोग्य शिबिर भरले की आपण आई-बाबांना घेऊन जातो, बीपी-शुगर तपासून घेतो. पण वर्षानुवर्षे मानसिक आजाराची गोळी घेणारा भाऊ मात्र घरीच राहतो. खरे तर त्या तपासणीची गरज त्याला जास्त असते.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे तीव्र आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतील बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह अशा शारीरिक आजारांनी होतात आणि वेळीच लक्ष दिले तर ते टाळता येतात.

असे का होते?

ओलान्झापिन, क्लोझापिन अशा काही औषधांनी भूक आणि वजन वाढते, रक्तातील साखर व चरबीही वाढते. आजारामुळे माणूस बसून राहतो. बिडी, खर्रा सुटत नाही. छातीत दुखते म्हणाला, तर ‘तो असाच बोलतो’ म्हणून घरचेच ऐकत नाहीत.

मग गोळी बंद करायची का? मुळीच नाही. गोळी अचानक सोडली तर आजार उलटतो. वजन फार वाढले तर डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलू शकतात.

काय करावे?

१. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, कमरेचा घेर, बीपी, शुगर व कोलेस्टेरॉल तपासा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

२. रोज अर्धा तास त्याच्यासोबत चाला. एकट्याला ‘जा’ म्हटल्याने तो जात नाही.

३. बिडी-सिगारेट सोडताना डॉक्टरांना कळवा. धूर बंद झाला की या दोन औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. डोस कमी करावा लागू शकतो.

४. छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय येथे मानसोपचार व मेडिसिन हे दोन्ही विभाग आहेत. एकाच फेरीत दोन्हीकडे दाखवता येईल का, ते विचारा. मनाच्या आजाराबद्दल फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

मानसिक रुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळाले पाहिजेत, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो. ही समता आपल्या घरापासून सुरू करू या. पुढच्या शिबिराला त्यालाही सोबत आणा.