लघुग्रहाचा माग : सुरतच्या विद्यार्थिनी व संगणकावरील मोजणी

जुलै २०२० मध्ये सुरत येथील दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी एका लघुग्रहाची प्राथमिक नोंद केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ‘एचएलव्ही २५१४’ ही त्याची तात्पुरती खूण. शाळकरी मुलींना एवढी मोठी दुर्बीण लाभली कोठून, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे.

दुर्बीण होती हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावर. ‘पॅन-स्टार्स’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा आरसा १.८ मीटर व्यासाचा आहे. तिने टिपलेली छायाचित्रे ‘आंतरराष्ट्रीय खगोलीय शोध सहयोग’ हा २००६ पासूनचा उपक्रम जगभरच्या शाळांना विनामूल्य पुरवितो. सुरतच्या विद्यार्थिनींनी ‘स्पेस इंडिया’ संस्थेच्या मोहिमेतून या कार्यात भाग घेतला होता.

छायाचित्रे पाहण्यासाठी ऑस्ट्रियाचे हर्बर्ट राब यांनी तयार केलेली ‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ ही संगणकप्रणाली या मोहिमांत वापरली जाते. आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली चार छायाचित्रे पडद्यावर एकापाठोपाठ झळकविली जातात. तारे जागच्या जागी राहतात. लघुग्रह मात्र किंचित सरकलेला दिसतो. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो याच तत्त्वावर, फक्त तेव्हा काचेच्या पट्ट्या होत्या.

सरकणारा ठिपका दिसला म्हणजे काम संपले असे नव्हे. खरे काम तेथून सुरू होते. ठिपक्यावर खूण करताच संगणक त्याच्या प्रकाशाचा मध्य काढतो, आसपासच्या ताऱ्यांच्या ज्ञात स्थानांशी तो ताडून पाहतो आणि विषुवांश, क्रांती व तेजस्वितेची प्रत सांगतो. त्यानंतर निर्णय माणसाचा. ठिपका चारही चित्रांत सरळ रेषेत आणि सारख्या गतीने सरकतो काय? त्याचे तेज साधारण सारखेच राहते काय? आधीच ठाऊक असलेल्या लघुग्रहांपैकी तर तो नाही ना? छायाचित्रकाचा सदोष बिंदू किंवा अवकाशातून आलेला एखादा कणही नवख्याला सहज फसवितो. असे ठिपके निर्धाराने नाकारणे हा, आमच्या मते, या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग होय. हिरा पारखणाऱ्या सुरतेस हे वेगळे सांगणे नलगे!

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. प्राथमिक नोंद म्हणजे मान्यताप्राप्त शोध नव्हे. मोजमापे अमेरिकेतील लघुग्रह केंद्राकडे जातात. पुन्हा वेध मिळाले तर तात्पुरते नामाभिधान मिळते, आणि कक्षा निश्चित होऊन कायम क्रमांक मिळण्यास कित्येक वर्षे लागतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा भेद बहुधा हरवतो.

भारतात ही परंपरा जुनी आहे. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून पॉग्सन यांनी ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला; १९८८ मध्ये कावलूर येथे सापडलेल्या लघुग्रहास रामानुजन यांचे नाव देण्यात आले.

ग्रामीण शाळेस यासाठी विंडोज प्रणालीवर चालणारा संगणक, इंटरनेट जोडणी आणि मुलांसोबत बसणारा एक शिक्षक एवढे पुरेसे आहे. नावनोंदणी गटाने करावयाची असते व त्यास शुल्क नाही. पहिले काही संच केवळ ज्ञात लघुग्रह ओळखण्याच्या सरावासाठी खर्ची घालावेत.