मातीची बैलजोडी : पहिली-दुसरीच्या वर्गासाठी एक पाठ

‘प्राणिमात्रांवर दया करावी’ हे वाक्य फळ्यावर लिहून ते मुलांकडून दहादा म्हणवून घेणारे वर्ग मी तपासणीच्या वेळी पुष्कळ पाहिले आहेत. मधली सुटी होताच तीच मुले आवारात शिरलेल्या कुत्र्याला दगड मारताना आढळतात. सहा वर्षांच्या मुलास ‘दया’ या शब्दाने काहीच बोध होत नाही, हे त्याचे कारण होय. त्याला बोटाने चाचपता येईल असे काहीतरी द्यावे लागते.

आपल्या खानदेशात त्यासाठी श्रावण अमावास्येचा पोळा हाताशी आहे. सणापूर्वी आठवडाभर आधी हा पाठ घ्यावा. काळी माती चाळून रात्रभर भिजवावी. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून तीत थोडी राख व बारीक भुसा घालून ती चांगली मळावी. पाय निराळे करून चिकटवू देऊ नयेत, ते गळून पडतात. एकाच गोळ्यातून ओढून काढावेत.

बैल ओला असतानाच विचारावे, “जू कुठे बसते?” प्रत्येकाने ती जागा बोटाने हलकेच दाबावी. जू घासून तेथे काय होते, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे हळद-तुपाने का मळतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांकडूनच वदवावे. आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आला आहे. ज्यांनी बैलाचा खांदा जवळून पाहिलेला नाही, त्यांना गावातील एखाद्या गोठ्यात नेऊन आणावे.

पाठाचा गाभा यापुढे आहे. एका मुलाने एकच बैल करावा आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. दोन बैलांच्या मानेवर तुराटीच्या काडीचे जू ठेवले की एक उंच, एक ठेंगणा असल्यास ते तिरपे होते. मग ज्याचा हात चांगला, त्याला जोडीदाराच्या बैलाकडे पाहावेच लागते. या वेळी शिक्षकांनी मध्ये बोलू नये. मुले भांडतील, थोडी माती वाया जाईल, जाऊ द्यावी.

उमेदवारीच्या काळात मी बैलांचे क्रमांक लावीत असे. एकदा शेवटचा क्रमांक आलेल्या मुलाने आपला बैल चिरडला आणि शेजाऱ्याचाही मोडला. मी त्याला छड्या मारल्या. क्रमांक मीच लावले होते, हे उमगायला मला बरीच वर्षे लागली.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. तेव्हा या पाठात शिक्षकांनी खुर्चीवर बसून राहू नये. पट विषम असेल तर उरलेल्या मुलाचा जोडीदार त्यांनी व्हावे आणि आपला बैल त्या मुलाच्या बैलाएवढाच करावा.

वाळलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद लावून जोड्या वर्गात मांडाव्यात. शाळाभेटीस येणाऱ्यांनी ‘सर्वांत चांगला बैल कोणाचा?’ असे विचारू नये. ‘ही जोडी कोणाकोणाची?’ असे विचारावे.