खोकली : मांजरांची आणि माणसांची

आमच्या वरळी कोळीवाड्यात मांजरांना तोटा नाही. जेथे मासळी तेथे मांजर, हे ओघानेच आले. परंतु पावसाळ्यात हीच मांजरे मासळीची पाटी सोडून एका तणाच्या उपटलेल्या मुळाशी घुटमळताना मी अनेकदा पाहिली आहेत. ती मूळ हुंगतात, चावतात, त्यावर गाल घासतात आणि शेवटी जमिनीवर लोळण घेतात. हे तण म्हणजे खोकली. प्रस्तुत लेखात तिचा थोडा परिचय करून देण्याचा विचार आहे.

पाश्चात्य देशांत मांजरांना वेड लावणारी 'कॅटनिप' प्रसिद्ध आहे. ती तुळशीच्या कुळातील असून तेथील लोक सर्दी, पोटदुखी व निद्रानाश यांवर तिचा काढा घेत आले आहेत. ती आपल्या किनाऱ्यावरची नव्हे. आपल्याकडे तिची जागा खोकलीने घेतली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. वास्तविक खोकली एरंडाच्या कुळातील. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅकॅलिफा इंडिका. हिंदीत तिला कुप्पी म्हणतात. तामिळमध्ये तिचे एक नाव 'पूनैवणंगि', म्हणजे मांजर जिला वंदन करते ती!

ही वर्षायू वनस्पती गुडघाभर वाढते. पाने लांब देठाची व दातेरी कडांची. पानांच्या बगलेतून तुरे निघतात व त्यांवर द्रोणासारखी हिरवी, दातेरी सहपत्रे दिसतात. ओळख पटण्यास ही खूण पुरेशी आहे. उकिरडा, गटाराचा काठ, जुनी भिंत, कोठेही ती उगवते.

नावावरूनच तिचा मुख्य उपयोग ध्यानात येतो. पानांचा रस लहान मुलांच्या खोकल्यावर देण्याची रीत जुनी आहे. खरजेवर मीठ घालून वाटलेला पाला लावतात. माझी आजी म्हणे, "दाराशी खोकली असताना डाक्तर कशाला रं?" हा केवळ आजीबाईचा बटवा नव्हे. 1890 ते 1893 या काळात प्रसिद्ध झालेल्या डायमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथातही खोकलीची दखल घेतलेली आहे.

मग मांजरे का भुलतात? कॅटनिपमधील गंधद्रव्याचे नाव नेपेटालॅक्टोन. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी खोकलीतून मांजरांना आकर्षित करणारी दोन द्रव्ये ओळखली. ती नेपेटालॅक्टोनच्याच गोत्रातील निघाली. कुळे भिन्न, पण गंधाचे नाते एक! मात्र येथे एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. मांजर भुलते ते मुळाला, माणूस औषध घेतो ते पानांचे. तेव्हा "मांजराला मानवते, मग माणसाला का नको?" हा युक्तिवाद टिकत नाही.

आणि येथेच सावधगिरीचा मुद्दा येतो. काही व्यक्तींच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. हा दोष आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक आढळतो. एरवी तो कळतही नाही. परंतु अशा रुग्णांनी खोकलीयुक्त पेज घेतल्यावर तांबड्या रक्तपेशी एकाएकी फुटू लागल्याची नोंद श्रीलंकेतील वैद्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. लघवी काळपट होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे ही तिची लक्षणे. अशा वेळी रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

याचा अर्थ आजीचे ज्ञान खोटे, असा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने बहुतेकांना काय मानवते ते सांगितले. एखाद्याला काय मानवत नाही, हे सांगण्यास रक्ताची तपासणी लागते. खोकला झालेल्या तान्ह्या मुलाला हा रस परस्पर पाजू नये, एवढेच माझे नम्र सांगणे आहे. आपल्या वाडीतील वृद्ध स्त्रियांकडून अशा वनस्पतींची नावे व उपयोग आपण विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावेत आणि ते जाणत्यांकडून पारखून घ्यावेत. नोंद आणि पारख या दोन्ही गोष्टी घडल्या, तरच हा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप पडेल.