शेअर घेण्यापूर्वी : कंपनीची ‘एकूण मालमत्ता’ कशी वाचावी?

बाजारातून जाताना आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी आपला हात आत घातला. वरचे धान्य कोरडे होते. बोटांना मात्र ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. आपण ती नेहमी विक्रेत्याला ऐकवतो. घेणाऱ्यालाही तिच्यात शिकण्यासारखे आहे: ढिगात हात घालून पाहावे, त्यात कोणाचा अपमान नाही.

आता हा ढीग कंपन्यांच्या ताळेबंदात असतो. आपल्या घरांतील तरुण मुले मोबाइलवर डिमॅट खाते उघडतात आणि वडीलधाऱ्यांना सांगतात, “शेतीमालाची छोटी कंपनी आहे, म्हणजे हलाल. शेअर 40 रुपयांना आहे आणि कंपनीची मालमत्ता शेअरमागे 52 रुपये. नुकसान होणारच नाही.” या दोन्ही विधानांची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

पहिले विधान नाशिकपुरते तरी चटकन निकालात निघते. द्राक्षांच्या या जिल्ह्यातून शेअर बाजारात पोहोचलेले सर्वांत परिचित नाव वाइन बनवणाऱ्या सुला विनयार्ड्‌सचे आहे. ही कंपनी डिसेंबर 2022 मध्ये बाजारात नोंदली गेली. द्राक्ष हलाल आहे, त्याचे मद्य हराम आहे. तेथे ताळेबंद उघडण्याचीही गरज नाही. याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी आहे. परंतु 2002 च्या कंपनी कायदा दुरुस्तीतून आलेल्या या प्रकारच्या कंपनीचे भाग उत्पादक सभासदांसाठी असतात. ते बाजारातून कोणालाही घेता येत नाहीत. तेव्हा आपल्यासमोर येतात त्या बहुधा बियाणे, ठिबक सिंचन, शीतगृह, बेदाणा किंवा निर्यातीच्या व्यवसायातील लहान कंपन्या. दुसरे विधान तपासायचे ते अशांच्या बाबतीत.

शरीअतच्या दृष्टीने शेअर म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतील अविभक्त हिस्सा, असे बहुतेक समकालीन विद्वान मानतात. म्हणून ‘एकूण मालमत्ता’ हा आकडा आपल्या मालकीशी जोडलेला आहे. त्यात जमीन, इमारती, यंत्रे, गोदामातील माल, ग्राहकांकडून येणे, शेतकऱ्यांना दिलेली उचल आणि बँकेतील रोकड, सारे मिळवलेले असते. ही मालमत्ता कोणाच्या पैशातून उभी राहिली, याचा पत्ता मात्र त्या आकड्यात नसतो. तो ताळेबंदाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात असतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ती शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेते, शीतगृहात ठेवते आणि निर्यात करते. 30 सप्टेंबर रोजी तिच्याकडे जमीन 4 कोटी, शीतगृह व यंत्रे 16 कोटी, माल 8 कोटी, येणे 9 कोटी आणि रोकड 3 कोटी, असे एकूण 40 कोटी आहेत. देणे असे: बँकेचे व्याजी कर्ज 12 कोटी, शेतकऱ्यांचे 6 कोटी, इतर 2 कोटी. उरलेले 20 कोटी भागधारकांचे. एकूण शेअर एक कोटी असतील, तर शेअरमागे मालमत्ता 40 रुपये दिसते आणि आपले त्यात 20 रुपयेच असतात. आपल्या तरुणाची पहिली चूक येथे आहे. दुकानात दहा लाखांचा माल आहे आणि सहा लाख घाऊक व्यापाऱ्याचे द्यायचे आहेत, तर दुकानदार स्वतःला दहा लाखांचा धनी समजत नाही. हे आपल्या घरातील कोणतीही आजी सांगेल.

मग 52 रुपये कोठून आले? त्यासाठी नाशिकचे हवामान आठवावे लागते. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची फळछाटणी होते आणि साधारण जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. ताळेबंदाची तारीख असते 31 मार्च, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. त्या दिवशी शीतगृह भरलेले असते, परदेशी खरेदीदारांकडून पैसे यायचे असतात आणि शेतकऱ्यांना द्यायचेही बाकी असतात. आपल्या कंपनीचा माल 8 वरून 12 कोटींवर गेला, येणे 9 वरून 17 कोटींवर गेले. मालमत्ता 52 कोटी झाली. शेतकऱ्यांचे देणेही 6 वरून 18 कोटी झाले. भागधारकांचे होते तेच, 20 कोटी. ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र आहे, आणि शेतीच्या कंपनीत तो दिवस कोणता, यावर चित्र बदलते. कांद्याचेही असेच. 8 डिसेंबर 2023 ला लागू झालेली कांदा निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली. मधल्या 31 मार्चला ज्याच्या चाळीत कांदा होता, त्याच्या मालाची किंमत सरकारच्या पुढच्या आदेशावर टांगलेली होती; ताळेबंदात ती एका ठाम आकड्याने लिहिलेली असणार.

येथवरचा भाग नफ्यातोट्याचा झाला. हलाल-हरामचा प्रश्न याहून नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1992 मध्ये जेद्दा येथील अधिवेशनात, मूळ व्यवसाय हलाल असूनही अधूनमधून व्याजी व्यवहार करणाऱ्या कंपनीत भाग घेणे मुळात निषिद्धच असल्याचे म्हटले. दुसऱ्या गटातील विद्वानांनी आजची परिस्थिती पाहून अटींसह सवलत दिली. बहरीनच्या ‘आयोफी’ या संस्थेच्या मानकात व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. आपल्याकडे ‘टासिस’ या शरीअत सल्लागार संस्थेने कर्जाची तुलना एकूण मालमत्तेशी केली आणि 25 टक्क्यांची मर्यादा ठेवली. बाजारमूल्य रोज बदलते. भाव कोसळला की कंपनीने नवे कर्ज न काढताही ती मर्यादेबाहेर जाते. म्हणून मालमत्तेचा भाजक अधिक स्थिर मानला जातो. मलाही तो अधिक योग्य वाटतो, परंतु लहान शेती कंपनीत तोही निर्धोक नाही.

आपल्याच कंपनीचे गणित करा. सप्टेंबरमध्ये 40 कोटींवर 12 कोटी कर्ज म्हणजे 30 टक्के; कंपनी अपात्र. मार्चमध्ये 52 कोटींवर तेच 12 कोटी म्हणजे सुमारे 23 टक्के, कंपनी पात्र! कर्ज एका रुपयानेही फिटलेले नाही. फरक पडला तो शेतकऱ्यांचा माल उधारीवर आल्यामुळे. त्या देण्यावर व्याज नाही, म्हणून ते कर्जात धरले जात नाही. त्यातून आलेला माल आणि येणे मात्र मालमत्तेत धरले जाते. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराचे पैसे जितके लांबतील, तितकी कंपनी चाळणीतून सहज पार पडेल. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. द्राक्ष घेऊन व्यापारी परागंदा होण्याच्या तक्रारी या जिल्ह्याला नव्या नाहीत. तेव्हा चाळणीचा निकाल पाहणाऱ्याने शेतकऱ्यांच्या देण्याचा आकडा आणि ते किती दिवसांचे आहे, हे पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

दुसरी वाट पुनर्मूल्यांकनाची. जमीन सहसा खरेदीच्या किमतीने लिहिलेली असते. तिच्यावर घसारा नसतो. उद्या कंपनीने 4 कोटींची जमीन 24 कोटींची दाखवली, तर सप्टेंबरचीच मालमत्ता 60 कोटी होईल आणि कर्जाचे प्रमाण 20 टक्क्यांवर उतरेल. लेखाशास्त्राच्या नियमांत हे बसते. मूल्यांकन खरेही असू शकते. पण व्याज पूर्वीइतकेच भरले जात आहे.

जमिनीबाबत आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील 1948 च्या कूळ व शेतजमीन कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कंपनीलाही ही अडचण येते. म्हणून माहितीपत्रकात हिरवेगार मळे झळकतात आणि सातबारा मात्र संचालकाच्या नावे असतो, किंवा जमीन भाडेपट्ट्याची असते. कंपनीच्या नावावर नसलेली स्थावर मालमत्ता ताळेबंदाच्या टिपांमध्ये उघड करणे 2021 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. येणे किती जुने आहे, त्याचा तक्ताही तेथेच मिळतो. दोन वर्षांपासून न आलेले येणे मालमत्तेत मोजलेले असेल, तर ती वरून कोरडी दिसणारी रास आहे.

उभ्या पिकाविषयी थोडेसे. मुख्य बाजारातील कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस 41’ या मानकानुसार वेलीवर वाढणाऱ्या फळाचेही मूल्य मालमत्तेत येते. वेल मात्र यंत्राप्रमाणे घसारा वजा करून लिहिली जाते. एसएमई मंचावरील लहान कंपन्यांना हे मानक सक्तीचे नाही. फळ पक्व होण्याची चिन्हे दिसेपर्यंत ते विकू नये, अशी प्रेषितांची (स.) मनाई आहे आणि द्राक्षांबाबत ती काळी पडेपर्यंत असे हदीसमध्ये आले आहे. हिशेबात मूल्य लिहिणे म्हणजे विक्री नव्हे, हे खरे. परंतु त्या मनाईमागची गारपिटीची आणि रोगाची भीती ताळेबंद वाचणाऱ्यानेही मनात ठेवावी.

ज्यांनी शेअर आधीच घेतले आहेत, त्यांना हाच तपशील जकातीसाठी लागतो. भाव वाढताच विकायच्या उद्देशाने घेतलेल्या शेअरची जकात बाजारभावावर अडीच टक्के आहे; 40 रुपयांचे 1000 शेअर असतील तर 1000 रुपये. लाभांशासाठी दीर्घकाळ ठेवले असतील, तर अनेक विद्वानांच्या मते जमीन, इमारत व यंत्रे वगळून माल, येणे आणि रोकड यांवर जकात आहे. मार्चच्या आकड्यांत ती रक्कम 12, 17 आणि 3 मिळून 32 कोटी, शेअरमागे 32 रुपये. 1000 शेअरवर जकात 800 रुपये. शेतकऱ्यांचे 18 कोटी वजा केले तर शेअरमागे 14 रुपये उरतात आणि जकात 350 रुपये होते. हनफी मतानुसार देणे वजा होते. शाफई मताच्या प्रबळ कौलानुसार देण्यामुळे जकात कमी होत नाही. म्हणून कोकणातील शाफई कुटुंबाने आणि नाशिकच्या हनफी कुटुंबाने आपापल्या मुफ्तींना विचारून आकडा ठरवावा, आणि विचारायला जाताना भावाचा कागद न नेता ताळेबंद टिपांसह न्यावा.