पहिल्या नोकरीआधी एक उधारीची वही

सर्टिफिकेटांची चळत घेऊन पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांच्या वाऱ्या करणारी मुलं काही कमी नाहीत. पुढच्या क्लासची फी भरण्याआधी एक प्रोग्राम तडीस न्या. त्यासाठी ओळखीच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही घ्या. पायथन ही भाषा आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस दोन्ही फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

आधी दुकानात तासभर बसा. कुणी अर्धेच पैसे देतं, एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं निघतात, लिहिलेली नोंद खोडावी लागते. हे सगळं कागदावर उतरवा. कीबोर्ड नंतर.

मग दोन टेबलं करा, गिऱ्हाईक आणि व्यवहार. बाकी वेगळी साठवू नका, व्यवहारांच्या बेरजेतून काढा. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत आणि पूर्णांकातच ठेवा. पायथनला ०.१ + ०.२ विचारून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक असे आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. मुलाखतीत एवढं नीट सांगितलंत तरी समोरचा सावरून बसतो.

पहिल्या दिवसापासून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरा. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी केलेलं हे साधन आज बहुतेक कंपन्यांत लागतं. कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, नुसतं 'चेंजेस' लिहू नका, 'जमा रक्कम शून्याखाली नाकारली' असं लिहा.

एरर आली की लगेच एआयकडे धावू नका. पायथनचा ट्रेसबॅक खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत काय चुकलं ते असतं, त्याच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. अर्धा तास स्वतः झटापट करा, मग खुशाल विचारा. मात्र न समजलेली एकही ओळ कोडमध्ये ठेवू नका.

आता प्रोग्राम दुकानदाराला महिनाभर वापरायला द्या. कागदी वही बंद करायला लावू नका, त्याच्या पैशांचा प्रश्न आहे. त्याच्या तक्रारी लिहून घ्या, एकेक निस्तरा. क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही. गिटहबवर कोड टाका, पण डेटाबेसची फाइल नको. गिऱ्हाइकांची नावं आणि उधाऱ्या चव्हाट्यावर येतील.

डेटा स्ट्रक्चरची थिअरी एनपीटेलवर शिका. शिकायला फी नाही, परीक्षेची तेवढी आहे.

या वाटेवर पैसे घेऊन खोटं अनुभवपत्र देणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. बऱ्याच कंपन्या पीएफच्या नोंदी तपासतात, आणि न केलेली नोकरी तिथे दिसत नाही.