नवजात अर्भकाची कावीळ : पहिल्या आठवड्यातील दक्षता

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्भकाची कांती पिवळसर दिसणे ही सामान्य गोष्ट होय. पूर्ण दिवसांच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६०, तर अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० बालकांत ती आढळते. तांबड्या रक्तपेशी मोडताना बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते. ते बाहेर टाकण्याच्या कामास अर्भकाचे यकृत आरंभी पुरे पडत नाही. बहुतेकांचा पिवळेपणा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. मात्र हे प्रमाण फार वाढल्यास ते द्रव्य मेंदूत शिरून हालचाल व श्रवण यांच्या केंद्रांना इजा करते. मूल प्रथम सुस्तावते, दूध ओढत नाही. पुढे कर्कश रडते, पाठीची कमान करते. अशा अवस्थेतून वाचलेल्या बालकाच्या वाट्यास बहिरेपण आणि हातापायांच्या अनावर हालचाली येतात. ही हानी भरून निघत नाही.

अडचण अशी की, पिवळेपणा बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो आणि तोवर माता रुग्णालयातून घरी आलेली असते. बाळंतिणीची खोली पुष्कळदा अंधारी. म्हणूनच आशा कार्यकर्तीच्या तिसऱ्या व सातव्या दिवसाच्या गृहभेटी चुकू नयेत, इकडे ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. बालकास उजेडात आणून कातडी बोटाने हलकेच दाबून पाहावी. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसल्यास, किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे झाल्यास, विनाविलंब रुग्णालय गाठावे.

तेथील मुख्य उपचार प्रकाशाचा. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथे एका परिचारिकेने उन्हात ठेवलेल्या अर्भकाच्या उघड्या कातडीचा पिवळेपणा कमी झाल्याचे पाहिले. त्यातून ही पद्धती विकसित झाली. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचे रूप पालटते व ते शरीराबाहेर पडते. प्रमाण अतिशय वाढल्यास रक्तबदल करावा लागतो. घरातले कोवळे ऊन हा त्यास पर्याय नव्हे. साखरपाण्यानेही कावीळ उतरत नाही. अंगावरचे दूध वारंवार पाजावे. काविळीच्या माळेविषयी काय लिहावे? मोठ्यांची कावीळ पुष्कळदा आपणहून बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. अर्भकाच्या बाबतीत मात्र तेवढ्यात मोलाचे तास निघून जातात.

मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बालकाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेस अँटी-डी इंजेक्शन द्यावे. ते पुढील अपत्याचे रक्षण करते. काही बालकांत जी-६-पीडी या घटकाची जन्मजात उणीव असते. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी त्यांच्या रक्तपेशी झपाट्याने मोडण्यास कारण होतात. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बालकास शासकीय रुग्णालयात उपचार व तेथवरची वाहनसेवा विनामूल्य आहे.