ड्युटी शून्य झाली, तरी धंदा का अडतो? आफ्रिकेच्या बाजाराचा धडा



समजा, शेजारच्या गावात तुमच्या मालाला गिऱ्हाईक आहे. पण वेशीवर कर भरायचा, चार कागद दाखवायचे, आणि पैसे येणार तिसऱ्याच गावच्या बँकेतून. तुम्ही माल न्याल का? आफ्रिकेतल्या देशांचं वर्षानुवर्षं हेच झालं. त्यांचा बहुतेक व्यापार खंडाबाहेर. आपापसात जेमतेम सहाव्या हिश्श्याच्या आसपास.

म्हणून 21 मार्च 2018 रोजी रवांडातल्या किगालीत 44 देशांनी आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या. आता 55 पैकी 54 देश त्यात आहेत. फक्त इरिट्रियाने सही केलेली नाही. ठरलं असं, की 90 टक्के मालप्रकारांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने शून्य करायची. 1 जानेवारी 2021 पासून व्यापार सुरू झाल्याचं जाहीरही झालं. पण माल काही धो धो वाहू लागला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मोजक्या देशांना घेऊन वेगळी चाचणी योजना काढावी लागली.

का अडलं? तीन गोष्टी समजून घ्या.

1. माल कुठला? सवलत फक्त आफ्रिकेत तयार झालेल्या मालाला. मुंबईहून गेलेला मसाला नैरोबीत नुसता नव्या पाकिटात भरला, तर तो केनियाचा होत नाही. मूळ देशाचा दाखला नसेल, तर पूर्ण ड्युटी भरा!

2. पैसे कसे येणार? दोन शेजारी देशांच्या चलनांमध्ये अनेकदा डॉलर घुसतो आणि बँकेचा खर्च वाढतो. त्यासाठी जानेवारी 2022 मध्ये घानातल्या अक्रा इथे आफ्रिकेची स्वतःची पेमेंट व्यवस्था सुरू झाली. आपापल्या चलनात देणं-घेणं करायचं, हा तिचा हेतू.

3. छोट्या माणसाचं काय? मोठी कंपनी कस्टम एजंट ठेवते. पण केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियात टोपलीभर माल नेणाऱ्या बाईला तो कसा परवडणार? त्यामुळे पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी आधीच एक सोपी सोय केली होती. यादीतला, तिथेच तयार झालेला माल 2,000 डॉलरपर्यंतचा असेल, तर सीमेवरच साधा दाखला मिळतो आणि आयात ड्युटी लागत नाही. पण ही सोय आहे हेच माहीत नसेल, तर बाई आडवाटेने जाते. तिथे माल जप्त होण्याची भीती, शिवाय चिरीमिरी वेगळीच.

मी दुकान सुरू केलं तेव्हा फक्त खरेदीचा भाव बघायचो. भाडं, कागद, अडकलेले पैसे धरलेच नाहीत. पहिलं वर्ष तोट्यात गेलं, तेव्हा डोळे उघडले.

म्हणून लक्षात ठेवा: सवलत जाहीर होणं वेगळं आणि ती तुमच्या हातात पडणं वेगळं. मध्ये कागद असतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्याला लागू असलेली एक सरकारी सवलत शोधा. तिला कोणता दाखला लागतो, कुठे मिळतो, किती दिवस लागतात, हे वहीत लिहा. मगच भाव ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!